बंद पडलेल्या छोट्या एअरलाइनचा इतिहास नागपुरात बसून कसा काढायचा (उदाहरणाला इटलीची गॅन्डाल्फ)

पहिलेच सांगून ठेवतो, हे इटलीच्या अलितालियासारख्या मोठ्या विमान कंपन्यांसाठी नाही, त्यांच्यावर लिहायला बसलात तर कागद एवढे आहेत की जन्म पुरणार नाही. पण चार-पाच वर्षं उडून बंद पडलेली, तीसेक सीटची विमानं चालवणारी, एखाद्या मधल्या शहराच्या एअरपोर्टवरून सुटणारी कंपनी घेतली तर तिचा बऱ्यापैकी पूर्ण इतिहास एकटा माणूस काढू शकते, लॅपटॉप पाहिजे, नेट पाहिजे अन् थोडा चिवटपणा पाहिजे. इटलीला जायचं काम नाही, खामल्यात बसून होते.

पद्धत एका ओळीत सांगायची तर कंपनीच्या मागे लागू नका, तिच्या विमानांच्या मागे लागा. कंपनीची वेबसाइट जाते, ऑफिस जाते, माणसं पांगतात, पण विमान कुठं ना कुठं राहतेच अन् प्रत्येक विमानाची कुंडली कोणीतरी लिहून ठेवलेली असते. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. सोनेगाव एअरपोर्टला ते जुनं बोइंग ७२० होतं ना, नोंदणीची अक्षरं व्हीटी-ईआरएस, १९९१ ला उतरलं ते २०१५ पर्यंत तिथंच पडून होतं. खिडकीजवळ बसलेले लोक विचारायचे हे कोणाचं आहे बे, अन् कॉन्टिनेंटल एव्हिएशन हे नाव क्वचितच कोणाला सांगता यायचं. कंपनी विसरली गेली, पण शेपटावरची ती अक्षरं वाचता येत असली तर तिच्यापर्यंत पोचता येत होतं.

आता कंपनी कोणती निवडायची. इटलीवाले शोधायला लागले की पहिले इटाव्हिया समोर येते, तिच्यापासून सुरुवात करू नका. २७ जून १९८० ला तिचं बोलोन्याहून पालेर्मोला जाणारं डीसी-९ उस्तिका बेटाजवळ समुद्रात पडलं, ८१ लोक गेले, अन् तेव्हापासून त्या कंपनीवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक त्या एका रात्रीवरच आहे. कोर्ट, मिसाइल, रडार, खासदारांच्या समित्या, त्यात एअरलाइन कशी चालत होती हे सापडतच नाही. नवख्यासाठी गॅन्डाल्फ बरी. १९९८ ला स्थापन, १९९९ पासून उड्डाणं, २००४ ला खेळ खलास. बेर्गामोच्या ओरिओ अल सेरिओ एअरपोर्टवर बेस, विमानं डॉर्निअर ३२८ अन् त्याचंच जेट भावंड. म्हणजे काळ छोटा, विमानाचा प्रकार जवळजवळ एकच, अन् सगळं इंटरनेट आल्यानंतरचं. यापेक्षा सोपी केस भेटणार नाही.

शोधायला बसण्याआधी अर्धा तास देऊन त्या काळात तिकडं काय चालू होतं ते एका कागदावर लिहून घ्या, नाहीतर नंतर हाती आलेल्या गोष्टींचा अर्थच लागत नाही. युरोपात १ जानेवारी १९९३ पासून युरोपियन कंपन्यांना आपसात बऱ्यापैकी मोकळेपणाने उडायची परवानगी भेटली, अन् १ एप्रिल १९९७ पासून एका देशाच्या कंपनीला दुसऱ्या देशाच्या आतसुद्धा प्रवासी नेता यायला लागले. त्याच्या आगेमागे इटलीत छोट्या एअरलाइन पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. आपल्याकडेही तेच झालं होतं, ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, १९९४ ला विमानसेवा सरकारी कंपन्यांकडेच ठेवणारा तो जुना एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला त्याच्या आसपासची ही सगळी मंडळी अन् १९९७ पर्यंत तिघांचाही निकाल लागला होता. दुसरी गोष्ट मिलानची. ऑक्टोबर १९९८ मधे अलितालियाने आपला मोठा कारभार शहरापासून लांब असलेल्या मालपेन्साला हलवला, शहराला चिकटून असलेल्या लिनातेवर किती अन् कुठली विमानं उतरतील यावर सरकारने मर्यादा आणल्या. बेर्गामो मिलानपासून पन्नासेक किलोमीटर, आजूबाजूला कारखानेच कारखाने. तिथल्या कारखानदाराला सकाळी पॅरिसला जायचं तर मालपेन्सापर्यंत कशाला जायचं, घराजवळून तीस सीटचं विमान नेऊ की, असा त्यामागचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता.

आता सर्चचं. नुसतं गॅन्डाल्फ टाकाल तर लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला पांढऱ्या दाढीचा जादूगार येईल, पानंच्या पानं तोच. सोबत बेर्गामो टाका, डॉर्निअर टाका, ओरिओ अल सेरिओ टाका, मग जरा धान्य अन् कोंडा वेगळं होते. कंपनीचा दोन अक्षरी कोड जी७ होता, पण नुसता कोड टाकून शोधू नका, कारण हे दोन अक्षरी कोड कंपनी बंद पडली की दुसऱ्याला देतात. जी७ नंतर अमेरिकेच्या गोजेटकडे गेला, त्यामुळे २००५ नंतरचं जे काही जी७ म्हणून भेटेल ते सगळं तिकडचं समजा अन् बाजूला काढा. इटालियनमधे शोधणं मस्ट आहे. विमान कंपनीला कंपान्या आएरेआ, दिवाळखोरीला फालिमेंतो, ताफ्याला फ्लोत्ता, स्पेलिंग ट्रान्सलेट ॲपमधून कॉपी करा. इंग्रजीत जिथं दोन ओळी भेटतात तिथं इटालियनमधे पूर्ण बातमी भेटते.

मग मुख्य काम, ताफ्याची यादी. एक्सेल उघडा अन् प्रत्येक विमानाला एक ओळ द्या. पहिला कॉलम कारखान्याचा सिरियल नंबर, त्यानंतर रजिस्ट्रेशन, कधी आलं, कुठून आलं, कधी गेलं, कुठं गेलं, अन् शेवटचा कॉलम हे तुम्हाला कुठून कळलं. सिरियल नंबर पहिला काहून, तर रजिस्ट्रेशन बदलते, रंग बदलतो, मालक बदलतो, सिरियल नंबर विमान भंगारात जाईस्तोवर तोच राहतो. प्लेनस्पॉटर्स, एअरलाइनर्स, जेटफोटोज या साइट्सवर फोटोखाली तो लिहिलेला असते. डॉर्निअर ३२८ सगळे मिळून २०० च्या थोडे वर बनले, त्यामुळे यादी आवाक्यातली आहे, बोइंग ७३७ घेऊन बसलो असतो तर मेलो असतो.

विमान ओळखायला शिका, कारण फोटोखालच्या कॅप्शन चुकीच्या असतात. ३२८ म्हणजे पंख वर, शेपूट टी आकाराची, चाकं पोटाच्या बाजूला फुगवट्यात जातात अन् पंख्याला सहा पाती. आत एका रांगेत तीन सीट, एका बाजूला एक अन् दुसरीकडे दोन. जेट आवृत्तीत तेच धड, फक्त पंख्यांच्या जागी पंखाखाली दोन जेट इंजिनं. आपल्याकडचे बरेच जण याला वायुदूतवालं डॉर्निअर समजतात, ते २२८, १९ सीटचं, कानपूरला एचएएल बनवते ते. घराणं एक, विमान वेगळं. २२८ ची शेपूट टी नसते, एवढं पाहिलं तरी भागते.

रजिस्ट्रेशन कसं वाचायचं ते सांगतो. भारताचं व्हीटी अन् पुढं तीन अक्षरं, इटलीचं नुसतं आय अन् पुढं चार अक्षरं, जर्मनीचं डी. जर्मनीत तर पुढचं अक्षर वजनावरून ठरते, साडेपाच-सहा टनांपासून १४ टनांपर्यंतच्या विमानांना डी नंतर सी येते अन् पंख्यावाल्या ३२८ चं कमाल वजन १४ टनांच्या एक केस खाली ठेवलेलं आहे, म्हणून ही विमानं जर्मन नोंदणीत डी-सी अशी दिसतात. आता इथं लोक गडबडतात. डी दिसलं की जर्मन कंपनी असं नसते. २५ फेब्रुवारी १९९९ ला काल्यारीहून आलेलं एक ३२८ जेनोआला रनवेच्या टोकावरून सरळ समुद्रात गेलं, तिथला रनवे समुद्रात भराव टाकूनच बनवलेला आहे. ३१ जण होते, चार गेले. विमान डी-सीपीआरआर, म्हणजे नोंदणी जर्मनीची. उडवत होती मिनेर्वा एअरलाइन्स, म्हणजे कंपनी इटलीची. अन् प्रवास अलितालियाच्या नावाने चाललेला. एकाच विमानाची तीन नावं, अन् ज्या पेपरात जे नाव छापलं ते तिथून पुढं उतरवलं गेलं. म्हणून नोंदणी कुठली, उडवणारा कोण अन् तिकिटावर नाव कोणाचं, याचे तीन वेगळे कॉलम करा. हा नियम गॅन्डाल्फला लागतो, मिनेर्वाला लागतो, आपल्याकडे छोट्या विमानांवर मोठ्या कंपनीचा रंग मारून जे चालायचं त्यालाही लागतो.

अपघातांवरून आठवलं, इटलीत विमान अपघातांची चौकशी करणारी स्वतंत्र संस्था एएनएसव्ही ज्या सरकारी आदेशाने तयार झाली त्याचीही तारीख २५ फेब्रुवारी १९९९ च आहे. निव्वळ योगायोग. पण कामाचा मुद्दा असा की त्या काळातल्या अन् त्याआधीच्या घटनांसाठी फक्त तिच्या वेबसाइटवर विसंबून राहू नका, कोर्टाच्या बातम्या अन् एव्हिएशन सेफ्टी नेटवर्क ही अपघातांच्या नोंदींची साइट, हेही चाळा.

यानंतर टाइमटेबल, अन् मला विचाराल तर सगळ्यात मजा इथं आहे. वेबॅक मशीन म्हणजे जुन्या वेबसाइटच्या प्रती साठवून ठेवणारी साइट, तिच्यात कंपनीचा जुना वेब ॲड्रेस टाका, कॅलेंडरवर निळे ठिपके येतील, एकेक उघडा. होमपेज बहुतेक वेळा तुटलेलं असते, फोटो गायब, फ्लॅश चालत नाही, तिथं रडत बसू नका, आतल्या वेळापत्रकाच्या अन् प्रेसनोटच्या पानांवर जा, ती साधी असतात म्हणून टिकतात. ईबेवर छापील टाइमटेबल विकायला असतात, विकत घ्यायची गरज नाही, विकणाऱ्याने टाकलेले फोटोच मोठे करून वाचा.

टाइमटेबलची एक ओळ कशी वाचायची. समजा एका मार्गापुढं १२३४५ लिहिलं आहे, मग ०७००, मग ०८४०. पहिले आकडे म्हणजे वार, १ म्हणजे सोमवार, ७ म्हणजे रविवार. वेळा ज्या-त्या गावच्या. तर ही फ्लाइट सोमवार ते शुक्रवार सकाळी सातला जाते अन् शनिवार-रविवार नाहीच. संध्याकाळी परत येणारी जोडी पाहा, ती १९०० च्या आसपास असली तर समजून जा, हे मीटिंगवाले गिऱ्हाईक आहे, सकाळी जा, काम करा, रात्री घरी जेवायला या. उलट ६७ वरच जास्त फ्लाइट असल्या तर सुट्टीवाले. आता त्याच मार्गाची पुढच्या सीझनची ओळ काढा. उन्हाळी सीझन मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आधी १२३४५ होतं ते १३५ झालं, मग एक दिवस ओळच नाही. कंपनीने प्रेसनोटमधे काही म्हणो, अशी तीन टाइमटेबलं शेजारी शेजारी ठेवली की मार्ग कसा आटत गेला ते डोळ्यांसमोर येते. नकाशावर मात्र भरवसा ठेवू नका. रूट मॅपवर जाहीर झालेल्या, सुरू व्हायच्या बाकी असलेल्या अन् दुसऱ्याच कंपनीसोबत भागीत चालणाऱ्या सगळ्या रेघा एकाच रंगात असतात, लालबुंद अन् जाड, पाहून वाटते केवढी मोठी एअरलाइन.

पेपरांचं सांगायचं तर पहिले स्थानिक पेपर. बेर्गामोचा लेको दी बेर्गामो आहे, १८८० पासूनचा, एअरपोर्टवर कोणाला शिंक आली तरी तिथं बातमी येते. आपल्याकडे मिहानचं काहीही घडलं की पहिले हितवाद, लोकमतमधे येते, दिल्लीच्या पेपरात आठ दिवसांनी एक कॉलम येतो, तसंच तिकडचं. मग रिपुब्लिकाचं अर्काइव्ह, १९८४ पासूनचं. पैशापाण्याच्या बातम्यांसाठी सोले वेंतिक्वात्रो ओरे. गॅन्डाल्फ मिलानच्या शेअर बाजारात नुओव्हो मेर्कातो नावाच्या नव्या कंपन्यांच्या विभागात लिस्टेड होती, ही आपल्यासाठी लॉटरी, कारण लिस्टेड कंपनीला हिशेब जाहीर करावेच लागतात. बाकीच्या छोट्या एअरलाइन लिस्टेड नसायच्या, त्यांचे आकडे शोधायचे म्हणजे डोकेफोड.

आकडे उतरवताना सांभाळा. इटालियन लोक हजाराला टिंब देतात अन् दशांशाला स्वल्पविराम, आपल्या बरोबर उलट. मिलियार्दो म्हणजे १०० कोटी. २००२ च्या आधीच्या बातम्या लीरामधे असतात, एका युरोला १९३६.२७ लीरा हा पक्का ठरवलेला दर. म्हणजे १० मिलियार्दी लीराचा तोटा वाचून छाती दडपते, पण ते ५२ लाख युरोच्याही आत आहे. रूपांतर करून मगच लिहा, अन् मूळ आकडा बाजूच्या कॉलममधे राहू द्या.

आता कंपनी बुडाली काहून, यावर घाई करू नका. नेटवर सगळीकडे एकच वाक्य भेटते, ११ सप्टेंबर २००१ नंतर प्रवासी कमी झाले अन् कंपनी बंद पडली. अरे पण मग २००४ पर्यंत काय करत होती? टाइमलाइन लावून पाहा. सप्टेंबर २००१ ला मार्केट पडलं हे खरंच. पण २००२ मधे विमान बनवणारी फेअरचाइल्ड डॉर्निअरच दिवाळखोरीत गेली, म्हणजे ज्या एकाच प्रकारच्या विमानावर सगळा डोलारा उभा, त्याचा कारखानाच डळमळला, पार्ट्सचं काय, पुढच्या विमानांचं काय, जुन्याला किंमत किती येणार, सगळं अधांतरी. अन् त्याच २००२ मधे रायनएअर ओरिओ अल सेरिओला पोचली. तीस सीटच्या विमानात दर सीटमागचा खर्च जास्तच पडते, त्यात बाजूच्या काउंटरवर स्वस्त तिकिटं विकणारा येऊन बसला तर गिऱ्हाइकाचं डोकं फिरणारच. माझं मत विचाराल तर पहिला धक्का सप्टेंबरचा असेल, पण २००२ च्या या दोन गोष्टींनी गळा आवळला. तुमचं वेगळं मत निघालं तरी चालेल, फक्त तारखा लावून मग बोला.

अन् शेवट कुठं झाला तेही नीट पाहा. गॅन्डाल्फ अलितालियाने २००४ ला घेतली. लोकांना वाटते तीस सीटच्या विमानांसाठी घेतली असेल. घेतली ती मुख्यतः स्लॉटसाठी, मिलान लिनाते अन् पॅरिस चार्ल्स द गॉलच्या. स्लॉट म्हणजे गर्दीच्या एअरपोर्टवर अमुक वेळेला उतरायचा किंवा उडायचा हक्क. मे महिन्यात लग्नासाठी वर्धा रोडवरच्या चांगल्या लॉनची तारीख जशी पैसे असूनही भेटत नाही तसंच, ज्याच्या हातात आहे तो राजा. युरोपात नियम असा की दिलेल्या स्लॉटपैकी ८० टक्के वापरले तर पुढच्या वर्षी ते तुमचेच, नाही वापरले तर गेले. म्हणून तोट्यातली कंपनीसुद्धा अर्धी रिकामी विमानं उडवत राहते. टाइमटेबलमधे सगळे मार्ग कमी होत आहेत पण लिनातेची सकाळची फ्लाइट हलत नाही असं दिसलं तर त्याचं कारण हे असू शकते.

बंद पडल्याची तारीख एक नसते, चार असतात, शेवटची फ्लाइट, लायसन्स निलंबित किंवा रद्द, कोर्टाचा आदेश, अन् मालमत्तेची विक्री. इटलीत लायसन्सचं काम एनाक पाहते, १९९७ ला झालेली संस्था. चारही वेगळ्या लिहा. आपल्या जेट एअरवेजचं पाहा ना, शेवटची फ्लाइट १७ एप्रिल २०१९ ला गेली अन् सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनचा आदेश दिला नोव्हेंबर २०२४ ला. कोणी विचारलं जेट कधी बंद पडली तर दोन्ही बरोबर, कोणत्या अर्थाने विचारून राहिला त्यावर आहे.

जुन्या कर्मचाऱ्यांना गाठायचं असलं तर फेसबुकवर माजी स्टाफचे ग्रुप भेटतात. मेसेज इटालियनमधे, छोटा, अन् एकाच मुद्द्यावर ठेवा. आपण हिवाळ्यात त्यांच्या साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन, तेव्हा आपल्या दुपारी पाठवला तर त्यांच्या सकाळी पोचते. ऑगस्टमधे पाठवूच नका, पूर्ण देश समुद्रावर गेलेला असतो. त्यांनी आठवणीतून सांगितलेल्या तारखा टाइमटेबलशी ताडून घ्या, अन् परवानगीशिवाय कोणाचं नाव टाकू नका.

हात बसवायचा असला तर आधी घरचंच घ्या. १९४९ पासून रात्रीचं टपाल घेऊन दिल्ली, मुंबई, कलकत्ता अन् मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. त्यात हिमालयन एव्हिएशनची डकोटा विमानं होती, अन् ही कंपनीही अल्पायुषीच, १९५३ ला राष्ट्रीयीकरणात ज्या आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समधे विलीन झाल्या त्यातली एक. वाचनालयात जुन्या पेपरांचे बांधीव खंड मागा, एका ठिकाणी मला साहेब नाहीत उद्या या, उद्या या करून पार रडवलं, पण दुसरीकडे चहासकट बसवलं. डकोटाचे सिरियल नंबर अन् व्हीटी नोंदणी जोडायची कसरत इथं केली की इटलीचं सोपं वाटते.

गॅन्डाल्फ झाली की त्याच बेर्गामोची अझ्झुरा एअर घ्या, तीही २००४ लाच संपली, विमानं ॲव्हरो आरजे. एअरपोर्ट तोच, पेपर तोच, निम्मी तयारी तुमच्याकडे आधीच आहे. त्यानंतर व्हेनिसची अल्पी ईगल्स, ती २००८ पर्यंत टिकली, पण तिची सुरुवात विमानांच्या कसरती दाखवणाऱ्या टीमपासून झालेली आहे, त्यामुळे पहिल्या वर्षांची विमानं एअरलाइनच्या यादीत शोधू नका, एअर शोच्या फोटोंमधे शोधा. नंतर एअरलाइन म्हणून फोकर १०० विमानं आली, तिथून पुढचं सगळं सरळ आहे.